भातखाचरांतील पाण्याचा हिशेब

भात हें पाण्यांतलें पीक आहे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. आणि ज्याच्या खाचरांत लावणीपासून पीक पिवळें पडेपर्यंत पाणी उभें असतें तो शेतकरी जाणता, असेंहि मानण्यांत येतें. या समजुतींत कांहीं अंश खरा आहे व कांहीं अंश केवळ संवयीचा आहे. कोंकणांतील वायंगण, भंडारा-गोंदियाकडील उन्हाळी धान, किंवा विहिरीच्या पाण्यावर काढलेलें भात यांचा विचार करतांना हे दोन अंश वेगळे काढणें आतां अगत्याचें झालें आहे. पाऊस फुकट पडतो. परंतु धरणाचें, तलावाचें व विहिरीचें पाणी मोजकें असतें, आणि एकानें गरजेवांचून तुंबवून ठेवलेलें पाणी पुष्कळदां खालच्या खातेदाराच्या वाट्याचें असतें. याकरितां भाताला पाणी खरोखर किती लागतें, तें कोठें जातें, आणि उत्पन्न न घटवितां त्यांतलें किती वांचवितां येतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

उभें पाणी कशासाठीं?

बहुतेक पिकांच्या शेतांत पाणी तुंबलें म्हणजे मुळांस हवा मिळत नाहीं व तीं कुजूं लागतात. भाताचें तसें होत नाहीं. कारण त्याच्या पानांपासून खोडांतून मुळांपर्यंत हवा नेणाऱ्या बारीक पोकळ्या असतात, आणि पाण्याखालच्या मुळांस प्राणवायु त्या मार्गानें पोंचतो. यावरून भात तुंबलेलें पाणी सहन करूं शकतें एवढेंच सिद्ध होतें. तुंबलेल्या पाण्यावांचून तें वाढूंच शकत नाहीं, असें सिद्ध होत नाहीं. त्याला खरी गरज आहे ती मुळांभोंवतालची जमीन सतत ओली असण्याची. ज्वारी-बाजरीप्रमाणें ताण सोसण्याची शक्ति त्याच्या अंगीं नाहीं. त्याचीं मुळें उथळ असतात आणि जमीन कोरडी पडूं लागतांच पीक मागें पडतें.

उभ्या पाण्याचे फायदे मात्र पुष्कळ आहेत, व ते नाकारण्याचें कारण नाहीं. पहिला व सर्वांत मोठा फायदा तणाचा. पाण्याखालीं हवा न मिळाल्यानें बहुतेक तणांचें बीं रुजत नाहीं आणि बेणणीची मजुरी वांचते. दुसरा फायदा असा कीं, आम्ल जमीन पाण्याखालीं राहिली म्हणजे तिचा आंबटपणा कमी होतो व तींतील स्फुरद पिकास अधिक सुलभपणें मिळतो. कोंकणच्या तांबड्या, जांभ्याच्या जमिनींत ही गोष्ट लहान नाहीं. तिसरा फायदा, पावसानें ओढ दिली किंवा कालव्याची पाळी चुकली तरी खाचरांतील सांठा कांहीं दिवस पुरतो. परंतु हे तिन्ही फायदे पिकाच्या सर्व अवस्थांत सारख्याच महत्त्वाचे नाहींत. लावणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तण मारण्याचें जें काम पाणी करतें, तें पिकानें जमीन झांकून टाकल्यावर पिकाची सावलीच करूं लागते.

पाणी जातें कोठें?

खाचरांत सोडलेलें पाणी चार वाटांनीं जातें. पानांवाटे व पाण्याच्या पृष्ठभागावरून तें वाफ होऊन उडतें. जमिनींत खोल मुरतें. बांधांतून बाजूस पाझरतें. आणि लावणीपूर्वींच्या चिखलणीस खर्च होतें.

वाफेच्या रूपानें जाणारें पाणी पावसाळ्यांत दररोज सुमारें ४ ते ५ मिलिमीटर व कडक उन्हाळ्यांत ६ ते ७ मिलिमीटर असतें. त्यांत जमिनीप्रमाणें फारसा फरक पडत नाहीं; तो हवेवर व उन्हावर अवलंबून असतो. मुरण्या-पाझरण्याची गोष्ट याच्या उलट आहे. भारी, चिकण जमिनींत तें दररोज १ ते ५ मिलिमीटर असतें, तर रेताड जमिनींत तेंच २५ ते ३० मिलिमीटरांपर्यंत जातें. म्हणजे हलक्या जमिनींत पिकाच्या उपयोगी पडणाऱ्या पाण्याच्या चौपट-पांचपट पाणी नुसतें खालीं जातें. शिवाय खाचरांतील पाणी जितकें खोल, तितका त्याचा दाब अधिक व तितकें मुरणें जलद. चार इंच पाणी भरून ठेवणारा शेतकरी पिकाचें पोषण दुप्पट करीत नाहीं. तो मुरण्याचा वेग मात्र वाढवितो. त्यांत बांधाला खेंकड्यांनीं व उंदरांनीं पाडलेलीं भोकें असलीं म्हणजे हिशेबच उरत नाहीं.

चिखलणीस खरें पाहतां १०० ते १५० मिलिमीटर पाणी पुरेसें आहे. परंतु पाणी आधीं सोडून ठेवलें, रोपें तयार नाहींत, औत किंवा ट्रॅक्टर मिळत नाहीं, मजूर येत नाहींत, अशा अडचणींत तीन-चार आठवडे खाचर भिजत पडलें तर याच्या कित्येक पट पाणी लावणीपूर्वींच संपतें.

आतां आंकडे एकत्र मांडूं. मध्यम जमिनींतील उन्हाळी भाताचें एक उदाहरण घ्या. लावणीनंतर शंभर दिवस पाणी द्यावयाचें, रोजची वाफ ६ मिलिमीटर, रोजचें मुरणें ५ मिलिमीटर व चिखलणीचें पाणी २०० मिलिमीटर धरलें, तर एकूण १,३०० मिलिमीटर पाणी लागतें. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारें ४,०४७ लिटर. या हिशेबानें एकरीं सुमारें साडेबावन्न लाख लिटर पाणी झालें. एकरीं वीस क्विंटल भात पिकलें, तर एक किलो भातामागें सव्वीसशें लिटरांहून अधिक पाणी पडलें. हें उदाहरण अतिशयोक्तीचें नाहीं. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं पाऊस व सिंचन मिळून सरासरी सुमारें २,५०० लिटरांचाच अंदाज दिलेला आहे. त्यांतील पिकाच्या वाफेचा वाटा मात्र निम्म्याहून थोडाच अधिक असतो. उरलेला वाटा शेतकऱ्याच्या हातचा आहे.

पाणी देण्याची व आटविण्याची रीत

फिलिपाइन्समध्यें १९६० सालीं स्थापन झालेल्या उपर्युक्त संस्थेनें या हातच्या वाट्यासाठीं एक सोपी रीत प्रचारांत आणली आहे. तिचें सार असें कीं, खाचरांत पाणी दिल्यावर तें पूर्ण आटूं द्यावयाचें, जमिनीखालीं कांहीं अंतरापर्यंत उतरूं द्यावयाचें, व मगच पुन्हां भरावयाचें. परंतु जमिनीखालचें पाणी डोळ्यांस दिसत नाहीं, आणि वरून कोरडें दिसणारें खाचर पाहून शेतकऱ्याचा धीर सुटतो. यासाठीं एक पाणीनळी वापरतात.

एक फूट लांबीचा व चार ते सहा इंच व्यासाचा पीव्हीसी नळीचा तुकडा घ्यावा. त्याच्या खालच्या आठ इंचांत चोहोंबाजूंस बारीक भोकें पाडावीं. लावणीनंतर तो खाचरांत असा रोंवावा कीं, भोकांचा भाग जमिनींत व चार इंच भाग वर राहील. आंतील माती तळापर्यंत काढून टाकावी. म्हणजे जमिनींतील पाण्याची पातळी नळींत दिसूं लागेल. खाचरांत पाणी असतांना नळीच्या आंतील व बाहेरील पातळी सारखी असली पाहिजे. तशी नसल्यास भोकें चिखलानें बुजलीं आहेत असें समजून नळी पुन्हां बसवावी. नळीची जागा बांधाजवळ, पाहण्यास सोयीची असावी; पण खाचराच्या उंचवट्यावर किंवा खळग्यांत नसावी, नाहींतर ती सगळ्या खाचराची साक्ष देणार नाहीं. याच कारणानें खाचर आधीं चांगलें सपाट केलेलें असणें अवश्य आहे.

पुढील क्रम असा ठेवावा. लावणीनंतर पहिले दोन आठवडे एक-दोन इंच पाणी कायम ठेवावें, म्हणजे रोपें जीव धरतात व तण दबतें. तण फार असेल तर आणखी एक आठवडा थांबावें. त्यानंतर पाणी आटूं द्यावें, आणि नळींतील पातळी जमिनीखालीं सहा इंचांवर, म्हणजे १५ सेंटिमीटरांवर गेली कीं दोन इंच पाणी भरावें. दोन पाळ्यांमधील अंतर जमीन व हवा यांप्रमाणें एका दिवसापासून दहा दिवसांहूनहि अधिक पडूं शकतें. म्हणून दिवस मोजूं नयेत, नळी पाहावी. पीक फुलोऱ्यावर येण्याच्या आधींचा एक आठवडा व नंतरचा एक आठवडा मात्र दोन इंच पाणी न चुकतां उभें ठेवावें. या वेळीं ताण बसला तर लोंबींतील दाणे पोचट राहतात व ती हानि पुढें कोणत्याहि उपायानें भरून निघत नाहीं. दाणा भरतांना पुन्हां नळीप्रमाणें पाणी द्यावें, व कापणीपूर्वीं सुमारें दहा दिवस पाणी तोडावें.

सहा इंचांची मर्यादा लहरीनें ठरविलेली नाहीं. तितक्या खोलीवरचें पाणी मुळांच्या आवाक्यांत असतें व वरची जमीन ओलसर राहते. ही मर्यादा पाळल्यास उत्पन्नांत विशेष घट येत नाहीं, असें अनेक देशांतील प्रयोगांत दिसून आलें आहे, आणि पाण्याची बचत तीस टक्क्यांपर्यंत होऊं शकते. परंतु लोभानें याहून अधिक आटविलें तर पीक ताण खातें. आणि चिकण जमिनीस भेगा पडल्या म्हणजे पुढच्या पाळीचें पाणी त्या भेगांतून सरळ खालीं जातें. मग बचत तर होत नाहींच, उत्पन्नहि जातें.

वर दिलेल्या उदाहरणांत या रीतीनें मुरणारें पाणी निम्म्यावर आलें असें धरा. २५० मिलिमीटर, म्हणजे एकरीं दहा लाख लिटर पाणी वांचलें. सेकंदास दहा लिटर पाणी देणारा पंप असेल तर अठ्ठावीस तासांचें पंपाचें चालणें वांचलें.

खतांविषयीं येथें एक सूचना अवश्य आहे. जमीन वारंवार भिजली व सुकली म्हणजे तींतील नत्राचें रूप बदलतें व त्याचा कांहीं भाग वायुरूपानें उडून जातो. म्हणून युरिया उभ्या पाण्यांत फेंकूं नये. पाणी आटलेल्या खाचरांत देऊन लगेच पाणी भरावें, म्हणजे तो पाण्याबरोबर मुळांकडे उतरतो. आपल्याकडील चारसूत्री लागवडींत युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्यभागीं चिखलांत खोल खोंचण्याची जी पद्धति आहे, ती या दृष्टीनेंहि हितावह आहे.

या रीतीचा आणखी एक परिणाम सांगितला पाहिजे. उभ्या पाण्याखालीं, जेथें हवा पोंचत नाहीं तेथें, सेंद्रिय पदार्थ कुजून मिथेन वायु तयार होतो व तो भाताच्या खोडांतील पोकळ्यांतूनच बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबानें हा वायु कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें अठ्ठावीस पट पृथ्वीचें उष्णतामान वाढवितो. खाचर मधून मधून आटविल्यास जमिनींत हवा शिरते व हा वायु सुमारें निम्म्यानें कमी होतो. पावसाचें वेळापत्रक बिघडल्याचा पहिला फटका शेतकऱ्यासच बसतो, तेव्हां ही गोष्ट त्यास परकी समजण्याचें कारण नाहीं.

कोठें ही रीत वापरूं नये

पहिली सावधगिरी खारजमिनीची. समुद्रकांठच्या खार जमिनींत, अथवा गोमंतकांतील खाजनांत, गोडें पाणी उभें असल्यामुळेंच मीठ खालीं दबून राहतें. तेथें खाचर सुकविलें तर मीठ वर चढून पीक करपतें. दुसरी, अगदीं रेताड जमिनींत पाणी इतक्या झपाट्यानें उतरतें कीं, रोज पाहणी केल्यावांचून ही रीत चालवूं नये. तिसरी, कोंकणांत आषाढ-श्रावणांत पाऊस पडत असतां खाचर आटविण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. तेथें निचऱ्याचीच काळजी घ्यावयाची असते. परंतु भाद्रपदांत पावसानें ओढ दिली म्हणजे नळीचा उपयोग होतो. वर पाणी दिसत नसलें तरी खालीं किती आहे हें कळतें, व थोडकें राखीव पाणी घाईनें न संपवितां फुलोऱ्यासाठीं ठेवितां येतें.

पंजाबचें उदाहरण

पाणी हिशेबावांचून वापरल्याचा परिणाम काय होतो, हें पंजाबांत पाहावयास मिळतें. १९६०-६१ सालीं त्या प्रांतांत भाताखालीं सुमारें सव्वादोन लाख हेक्टर जमीन होती. पुढें ती तीस लाख हेक्टरांवर गेली. देशाचीं कोठारें त्या भातानें व गव्हानें भरलीं, हें उपकारपूर्वक स्मरलें पाहिजे. परंतु तें भात बहुतांशीं कूपनलिकांच्या पाण्यावर, विजेचें बिल न भरतां, निघत आलें आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२३ सालच्या मोजणीप्रमाणें, तेथें दरवर्षीं जेवढें भूजल काढणें सुरक्षित आहे त्याच्या दीडपटीहून अधिक काढलें जात होतें.

यावर उपाय म्हणून २००९ सालीं तेथें कायदा झाला. १० मेपूर्वीं रोपवाटिका करूं नये व १० जूनपूर्वीं लावणी करूं नये, असें त्यानें ठरविलें. यामागील तत्त्व बरोबर होतें. मे महिन्याच्या कोरड्या वाऱ्यांत खाचर भरून ठेवण्यापेक्षां पावसाळा जवळ आल्यावर लावणी केली तर वाफेनें जाणारें पाणी वांचतें. परंतु लावणी पुढें गेली तशी कापणीहि पुढें गेली, आणि कापणी व गव्हाची पेरणी यांत फार थोडे दिवस उरले. मग शेत लवकर मोकळें करण्यासाठीं पेंढा जाळण्याकडे प्रवृत्ति वाढली. भाताचें क्षेत्र कमी न झाल्यानें पाण्याची पातळीहि खालावतच राहिली. यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतात: एक, पिकाचा हंगाम हवेस धरून ठेवणें ही पाण्याची मोठी बचत आहे, आणि दुसरी, जेथें पाणीच थोडें तेथें कितीहि काटकसर केली तरी क्षेत्राचा विचार टळत नाहीं.

वांचलेलें पाणी कोणाचें?

येथें एका शंकेचें निरसन केलें पाहिजे. कोणी म्हणेल, मुरलेलें पाणी नष्ट थोडेंच होतें? तें खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीस लागतें. ही शंका रास्त आहे. मुरणारें पाणी बहुधा खोऱ्यांतच राहतें. वाफ झालेलें पाणी मात्र शेतकऱ्याच्या दृष्टीनें गेलें तें गेलें. म्हणून नळीच्या रीतीनें होणारी बचत सगळीच नवी मिळकत नव्हे. परंतु जें पाणी वीज किंवा डिझेल जाळून वर काढावयाचें, तें पुन्हां खालीं मुरविण्यांत कोणाचाच लाभ नाहीं. आणि कालव्याच्या मुखाशीं मुरलेलें पाणी शेवटच्या शेतकऱ्यास वेळेवर व त्याच्या शेताच्या माथ्यावर मिळत नाहीं. खरी वाफेची बचत हवी असेल तर हंगाम, लवकर येणारी जात व पिकाची निवड यांचा विचार करावा लागतो. भंडारा-गोंदियाकडे पावसाळी धानानंतर उरलेल्या ओलीवर लाखोळी, हरभरा, जवस घेण्याची जी जुनी चाल आहे, तिचें मोल या दृष्टीनें मोठें आहे. तलावांत पाणी थोडें असेल त्या वर्षीं सर्वांनींच उन्हाळी धान धरण्याचा आग्रह सोडणें शहाणपणाचें ठरेल.

यांतील खरी अडचण शेतीची नसून व्यवहाराची आहे. पाणीपट्टी एकरावर आकारली जात असेल, तर पाणी वांचविणाऱ्यास एक पैसाहि कमी पडत नाहीं. पुढची पाळी केव्हां येईल याची खात्री नसेल, तर मिळालें तेवढें भरून ठेवणें हेंच त्याला शहाणपण वाटतें. त्याला दोष देऊन उपयोग नाहीं. फिलिपाइन्समधील बोहोल बेटावर हाच अनुभव होता. वरच्या शेतांत पाणी तुंबे व खालच्या शेतांस तें मिळत नसे. तेथें २००६ च्या सुमारास कालव्याच्या पाळ्याच भरण्या-आटविण्याच्या क्रमानें बांधून दिल्या. पाळीची खात्री झाल्यावर शेतकऱ्यांनीं ती रीत स्वीकारली.

आपल्या राज्यांत २००५ च्या कायद्यान्वयें शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांस पाणी मोजून देण्याची तरतूद आहे. मोजून घेतलेलें पाणी वांचलें तर तें संस्थेचें असतें, व तें शेवटच्या खातेदारापर्यंत कसें पोंचवावयाचें हें संस्थेस ठरवितां येतें. विदर्भांतील कोहळी पूर्वजांनीं तलाव बांधले. १९५१ सालीं मालगुजारी संपल्यावर ते सरकारकडे गेले, आणि देखरेखीअभावीं त्यांतील कित्येक गाळानें भरले. तलाव सुधारावयाचा असेल तर गाळ काढण्याइतकेंच त्याखालील पाण्याचें वांटप ठरविणें महत्त्वाचें आहे.

कोणतीहि नवी रीत एकदम सगळ्या शेतावर करणें योग्य नव्हे. ज्यांच्या ताब्यांत विहिरीचें अथवा खात्रीचें पाणी आहे, अशांनीं येत्या उन्हाळी हंगामांत शेजारशेजारची, एकाच मातीचीं दोन खाचरें निवडावीं. एकांत नेहमींप्रमाणें पाणी ठेवावें, दुसऱ्यांत नळी रोंवून वरील क्रम पाळावा. बीं, खत व लावणीचा दिवस दोहोंत एकच असावा. प्रत्येक पाळीस पंप किती तास चालला, बेणणीस किती मजूर लागले, व मळणींत किती भात पदरांत पडलें, हें वहींत लिहून ठेवावें. बचत झाली किंवा न झाली, तण वाढलें किंवा न वाढलें, तरी तो आंकडा सारखाच उपयोगी आहे. अशा पांच-दहा वह्या एका गांवांत जमल्या म्हणजे कोणत्या मातींत कोणती रीत चालते याचा निर्णय त्या गांवास स्वतःच करतां येईल. आणि पाणी वापर संस्थेच्या सभेंत पाळ्यांचें वेळापत्रक मांडतांना हातांत अनुभवाचा पुरावा असेल.